कंपनीला पैकीच्या पैकी

अमेरिकेचं परराष्ट्र धोरण शिकवायला आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या सरांना डझनभर वेलची केळी लागायची. सकाळी सिल्वासाच्या बाजारात ते केळीवालीशी घासाघीस करताना दिसले की आम्ही ओळखायचो, आज आठवीच्या वर्गात कुठलं तरी सरकार पडणार. वर्गात शिरल्यावर ते फणी टेबलावर ठेवत आणि त्यातलं एक केळं हातात धरून विचारत, “हे कुणाचं?” पोरं म्हणत, “सर, तुमचं.” “आणि झाड?” “केळीवालीचं.” “झाडाखालची जमीन?” इथं पोरं घुटमळत. मग सर सांगायला लागत. लांब एका लहान देशात, ग्वाटेमाला त्याचं नाव, केळ्यांच्या एका अमेरिकन कंपनीकडे जमीनच जमीन होती. तिथल्या सरकारनं त्यातली पडीक जमीन गरिबांना वाटायला काढली. कंपनीनं आपल्या देशाचे कान भरले आणि ते सरकारच गेलं. “केळ्यांपायी, सर?” असं कुणीतरी विचारायचंच. “केळ्यांपायी,” असं म्हणून सर उरलेली केळी वर्गात वाटून टाकत. हा धडा कुठल्याही क्रमिक पुस्तकात नव्हता, पण आमच्या शाळेतून बाहेर पडलेल्या प्रत्येक पोराला तो येत असे. आवडतही असे, कारण केळी.

मी शाळेत लागले ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. आमच्या ह्यांची बदली बांधकाम खात्यात झाली म्हणून आम्ही कल्याणहून इथं आलो आणि मला मराठी शिकवायची नोकरी मिळाली. सर मालवणकडचे, माझ्याआधी कितीतरी वर्षं इथं रुजलेले. अंगानं काटकुळे, पँट घोट्याच्या वर, काखेत बारा महिने छत्री. सिल्वासातच डोकमर्डीच्या चाळीत आमच्या समोरच्याच खोल्यांमध्ये ते आणि वहिनी राहायचे. मूलबाळ नव्हतं. सकाळी स्टाफरूममध्ये पाऊल टाकलं की लोक रामराम म्हणतात, नमस्कार म्हणतात. सर विचारायचे, “आज कुणाचं गेलं?” नवीन माणसाला वाटे, कुणाच्या घरी काही वाईट झालं की काय. मीही पहिल्या दिवशी घाबरून विचारलं होतं, “कोण गेलं?” तर म्हणाले, “अजून कुठलं सरकार नाही, पण बीबीसी ऐकताना रेडिओ खरखरत होता, नक्की सांगता येत नाही.”

त्यांच्या बाहेरच्या खोलीत भिंतभर जगाचा नकाशा होता. ज्या ज्या देशाचं सरकार अमेरिकेनं पाडलं किंवा पाडायला मदत केली, त्या देशाला सर कुंकवाचं बोट लावत. इराणला तेलापायी, चिलीला तांब्यापायी, कुणाला आणखी कशापायी. कुंकू अर्थातच वहिनींच्या करंड्यातलं. “ह्यांचं भांडण अमेरिकेशी आणि कुंकू माझं सरतं,” असं वहिनी मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात तक्रार होती, पण ती रोजच्या भाजीत असते तेवढीच. त्या घरात विलायती टूथपेस्ट येत नसे, दोघं राखुंडीनं दात घासत. बाटलीतली थंड पेयं सरांना वर्ज्य. आमच्याकडे एकदा बारशाला कुणीतरी त्यांच्या हातात तसली बाटली दिली, तर त्यांनी ती उजेडात धरून इतका वेळ बघितली की देणाऱ्यालाच लाज वाटून त्यानं परत घेतली. मला या सगळ्याचं हसू येई, आणि कधी कधी वैतागही येई. अहो, आपण इथं दमणगंगेच्या काठी, पगार महिन्याच्या सात तारखेपर्यंत लांबलेला, आणि हा माणूस चिलीच्या तांब्यासाठी झुरतोय. मी तसं बोलूनही दाखवलं होतं. सर म्हणाले, “बाई, तांबं लांब आहे. ते नेणारा हात जवळच आहे.” तेव्हा मला ते नुसतं बोलणं वाटलं.

आखाती युद्ध सुरू झालं तेव्हा टीव्ही फक्त आमच्याकडे होता. बातम्यांना अर्धी चाळ आमच्या खोलीत असायची. पडद्यावर रात्रीच्या आकाशात हिरवट ठिपके उडताना दाखवले तेव्हा मुलं टाळ्या पिटायला लागली. सर दाराशी उभे होते. ते पुढं आले आणि सरळ टीव्ही बंद केला. माझ्या घरातला, मला न विचारता. मग मुलांकडे वळून म्हणाले, “खाली माणसं असतील ना रे?” आणि निघून गेले. मी रागावले होते, ह्यांनी तर दुसऱ्या दिवशी त्यांच्याशी बोलणंच टाकलं. पण टाळ्या पिटणाऱ्यांत माझी मुलगी होती आणि त्या रात्री तिनं मला विचारलं की खाली शाळाही असेल का. नंतर तिकडं इराकमध्ये आजारी पोरांना औषधं मिळेनात असं सर रेडिओवर ऐकून यायचे आणि मधल्या सुट्टीत डबा तसाच झाकून ठेवायचे. वहिनी मला विचारत, “आज खाल्लं का हो त्यांनी?”

एव्हाना सिल्वासा बदललं होतं. इथं कारखान्यांना विक्रीकर माफ, त्यामुळे मुंबईचे, सुरतेचे, कुठले कुठले शेठ धावत आले. राखोलीकडं नदीच्या अंगानं जिथं भाताची खाचरं होती तिथं पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. धुळ्या-नंदुरबारकडची माणसं आली, त्यांच्यापाठोपाठ उत्तरेकडची. सरांना यात सगळ्यात टोचली ती एकच गोष्ट. ते म्हणायचे, “ग्वाटेमालात निदान फौज जमवावी लागली. इथं आपणच फाटकाला हार बांधला.”

आता इथली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडं कारखान्याला कुणी कारखाना म्हणत नाही. वारली असो, खानदेशी असो, गुजराती असो, सगळे म्हणतात कंपनी. “बाप कुठं आहे?” “कंपनीत.” “ताई?” “ती दुसऱ्या कंपनीत.” दोऱ्याची कंपनी, डब्याची कंपनी, रंगाची कंपनी. पोरांना जन्मल्यापासून तोच एक अर्थ माहीत. आणि सर आठवीला शिकवत होते, कंपनी सरकारचा राज्यकारभार.

सहामाहीच्या पेपरात त्यांनी प्रश्न घातला, ‘आपल्या देशात कंपनीची सत्ता कशी वाढली?’ त्या वर्गात सुकरी नावाची मुलगी होती. राखोलीजवळच्या पाड्यावरची वारली पोर, इथं मुलींच्या वसतिगृहात राहून शिकायची. बारीक, काळीसावळी, बोलायला लागली की खाली बघायची, पण अक्षर मोत्यासारखं. तिनं लिहिलं होतं, ‘कंपनी आधी नदीच्या काठी आली. आम्ही फक्त माल बनवणार असं बोलली. मग तिने पाणी मागितलं. मग जमीन घेतली. ज्याची जमीन घेतली त्यालाच तिने काठी देऊन फाटकावर उभा केला. तो आता आपल्याच माणसांना आत येऊ देत नाही. अशी कंपनीची सत्ता वाढली.’

सरांनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. मुख्याध्यापकांनी पेपर बघितला आणि सरांना बोलावून घेतलं. मी तेव्हा तिथंच हजेरीपत्रक द्यायला गेले होते, म्हणून मला सगळं ऐकायला मिळालं. मुख्याध्यापक म्हणाले, पोरीचा गोंधळ झालाय, तिनं तिच्या बापाच्या कंपनीचं लिहिलंय, तुम्ही शून्य द्यायला हवं होतं. सर म्हणाले, “यातलं एक वाक्य चुकलेलं दाखवा, मी गुण कापतो.” मुख्याध्यापकांनी विचारलं, “अहो, पण प्लासीची लढाई कुठं आहे यात?” सर म्हणाले, “लढाई झालीच नाही, साहेब. तेच तर लिहिलंय तिनं.”

गुण तसेच राहिले. सर महिनाभर त्या पेपराविषयी ज्याला त्याला सांगत सुटले. मला तर निदान चारदा ऐकावं लागलं. इतकं खूश मी त्यांना आधी कधी बघितलं नव्हतं आणि नंतर बघायला मिळालं नाही.

सुकरी नववीनंतर शाळेत आली नाही. फाटकावरचा बाप दारू पिऊन पिऊन गेला, घरी आई आणि धाकटी बहीण. सर छत्री घेऊन पाड्यावर गेले, दहावी तरी कर म्हणून आईच्या हातापाया पडले. आई म्हणाली, शिकून पण कंपनीतच जायचं ना, मग आत्ताच जाऊ दे. सर परत आले. वहिनी म्हणाल्या, त्यांनी नकाशासमोर बसून चहा थंड केला.

ती लागली रंगाच्या कंपनीत. तिथं भिंतींच्या रंगात घालायची पूड बनायची आणि पूड भरायच्या खात्यात सगळ्या बायका. ज्या महिन्यात जो रंग, त्या महिन्यात बायका त्या रंगाच्या. बाजारात कुणाचे तळवे पिवळे दिसले की समजावं, ही त्या कंपनीतली. केस धुतले की पाणी पिवळं, घाम आला की पोलक्याची काख पिवळी. लोक चेष्टा करत, तुम्हाला रोजच हळद लागतेय म्हणून. त्या बायकाही हसत. हसता हसता खोकत.

दोन-तीन वर्षांत सुकरीचा खोकला वाढला. तिच्या आधी दोघींना दम लागायला लागला तेव्हा ठेकेदारानं त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्या कंपनीच्या नव्हत्याच, ठेकेदाराच्या होत्या. आणि ठेकेदाराच्या मते त्या कुणाच्याच नव्हत्या. सुकरीला आपली पाळी येणार हे दिसत होतं. घरात तिच्या एकटीचा पगार.

एका रविवारी दुपारी ती आणखी दोघींना घेऊन सरांकडे आली. मी तिथंच वहिनींबरोबर पापड लाटत बसले होते. ती दार धरून बराच वेळ उभी राहिली. वहिनींनी तिला आत बसवलं, कोमट पाणी दिलं. दम बसल्यावर तिनं सांगितलं की कंपनीचा सगळा माल अमेरिकेला जातो, तिथला साहेब कंपनी बघायला यायचाय. त्याला सांगायचं की आम्हाला नाकाला बांधायचं काही मिळत नाही, डॉक्टर नाही, आजारी पडलं की काढतात. पण सांगणार कोण? “तुमाला त्यांची भाषा येते, सर,” ती म्हणाली. “तुमी सांगा.”

सरांचा चेहरा मी तेव्हा बघितला. आयुष्यभर ज्याच्याशी नकाशावर भांडलो तो स्वतः आपल्या गावात येणार आणि आपण त्याच्या तोंडावर बोलणार. ते इतके हरखले की त्यांनी वहिनींना तिघींसाठी शिरा करायला सांगितला.

योग असा की दोनच दिवसांत त्या कंपनीचा मॅनेजर सरांकडे आला. गोड बोलणारा, गुजराती वळणाचा माणूस. साहेब कामगारांशी बोलायचं म्हणतोय, आणि इथं एकाची बोली दुसऱ्याला कळत नाही. वारली, खानदेशी, मराठी आणि वर फर्डं इंग्रजी, हे सगळं येणारा माणूस म्हणजे सर. “मास्तरसाहेब, तुम्ही जरा सांभाळून घ्या ने,” तो म्हणाला. “आणि लेडीज आहेत, तर एखादी बाई पण बरोबर असली तर चांगलं दिसेल.” सरांनी लगेच होकार दिला आणि बाई म्हणून माझं नाव सांगून टाकलं.

मॅनेजर गेल्यावर सर खुर्चीत मागे रेलून म्हणाले, “कंपनीचं पहिलं काम दुभाष्यांनीच केलं होतं, बाई. पण या वेळी दुभाषा आपला आहे.” मग आठवडाभर भाषणाची तालीम. छत्री काखेत धरून ते गॅलरीत येरझारा घालत आणि इंग्रजी वाक्यं घोळवत. एक वाक्य त्यांनी मला मराठीत सांगितलं होतं, ते अजून लक्षात आहे: महोदय, तुमच्या देशातल्या भिंतींचा रंग या मुलींच्या फुप्फुसांना लागलेला आहे. मी म्हटलं, छान आहे. खरंच छान होतं.

त्या दिवशी सकाळी जीप आम्हाला घेऊन गेली. कंपनीच्या भिंतींना ताजा चुना मारलेला, फाटकाशी कुंड्या. पूड भरायच्या खात्यात बायका रांगेत उभ्या, अंगावर घड्या न मोडलेले निळे कोट, गळ्यात नाकाला बांधायच्या पांढऱ्या पट्ट्या. पट्ट्या इतक्या कोऱ्या की बघूनच कळावं, आज सकाळी वाटल्यात. आणि साहेब आला. मला वाटलं होतं उंचापुरा, ताठ, गॉगल लावलेला कुणीतरी असेल. आला तो एक बुटका, गुबगुबीत, घामानं निथळणारा माणूस. चेहरा लालबुंद, हातात पाण्याची बाटली, दर दहा पावलांवर पोटावर हात ठेवत होता. इथलं जेवण त्याला बाधलं होतं.

रांगेतून जाताना तो एकेकीला नमस्कार करत होता. सुकरीसमोर आला आणि तिला खोकल्याची उबळ आली. तो थांबला. ती दाबायचा प्रयत्न करत होती, पण ती उबळ काही आवरेना. साहेबानं आपली बाटली पुढं केली. मग सरांकडे वळून त्यानं विचारलं की ही आजारी आहे का आणि हिला आपल्याला काही सांगायचं आहे का. अगदी नीट, हळू आवाजात विचारलं. मॅनेजर हात जोडल्यासारखे धरून उभा होता.

सरांनी तो प्रश्न तिच्या बोलीत सांगितला. आणि पुढं म्हणाले, “बोल सुकरी. तू बोलशील तो शब्द न् शब्द मी सांगतो.”

सुकरीनं साहेबाकडे बघितलंच नाही. सरांकडे बघितलं. “सर, काय नका सांगू,” ती म्हणाली. “आमी सगळ्यांनी काल ठरवलं. ह्याला राग आला तर हा माल दुसऱ्या मुलखातून घेईल. मग कंपनी बंद, आमी घरी. तुमीच शिकवलंय ना आमाला, त्यांना नाय म्हणाऱ्याचं ते काय करतात.”

साहेब वाट बघत होता. मॅनेजरला मराठी समजत होतं. तो सरांकडे बघून कसंनुसं हसला. मी सरांच्या शेजारी उभी होते. त्यांनी काखेतली छत्री काढून हातात घेतली. मला वाटलं, हे आता बोलणार, ते भिंतींचं वाक्य बोलणार. मला तेव्हा मनापासून वाटत होतं की त्यांनी बोलावं, आणि बोलू नये असंही वाटत होतं.

सुकरीच म्हणाली, “साहेबाला सांगा, सर्दी झालीय. बाकी काय त्रास नाय.”

सरांनी ते इंग्रजीत सांगितलं. तिला सर्दी झाली आहे, बाकी काही त्रास नाही. सुंदर, स्वच्छ इंग्रजी. साहेबानं मान हलवली आणि पुढं गेला.

दुपारी साहेबाचं पोट फारच बिघडलं. मॅनेजर घाबरला, हॉटेलातलं काही देता येईना. सरच म्हणाले, घरी चला. का म्हणाले ते मला विचारू नका, मलाही ठाऊक नाही. वहिनींनी मऊ पेज केली, मीठ आणि लिंबाचं लोणचं दिलं. साहेब सरांच्या खुर्चीत बसून वाटीनं पेज प्यायला आणि दुसऱ्यांदा मागून घेतली. वहिनी आत मला म्हणाल्या, “बिचारा. घरापासून इतक्या लांब.”

त्याचं लक्ष नकाशाकडे गेलं. हे लाल ठिपके कसले, असं त्यानं विचारलं. सर म्हणाले, मी इतिहास शिकवतो, मुलांना दाखवायला खुणा केल्यात. साहेब उठला, नकाशाजवळ गेला आणि व्हिएतनामवरच्या कुंकवावर त्यानं बोट ठेवलं. आपला मोठा भाऊ इथं गेला तो परत आला नाही, असं तो म्हणाला. मग त्यानं वहिनींना वाकून नमस्कार केला, सरांना म्हणाला तुमचं इंग्रजी फार चांगलं आहे, आणि जीपमध्ये बसून गेला.

संध्याकाळी मी सरांना चिडूनच विचारलं की एवढी तालीम केली ती कशाला. ते म्हणाले, “भाषण माझं होतं, बाई. नोकरी तिची होती.” थोड्या वेळानं म्हणाले, “माणूस वाईट नव्हता हो. वाईट असता तर सोपं गेलं असतं. आणि पोरगी काय चुकीचं बोलली? मला वाटायचं मी त्यांना चीड यायला शिकवतोय. त्या भ्यायला शिकल्या. एवढ्या वर्षांत एकानं तरी सांगायचं होतं मला.”

सांत्वन करता येईल असं त्यात काही नव्हतं. मला एवढंच कळलं की या माणसाकडे जे एक होतं ते आज गेलं, आणि ते कुणी हिसकावून नेलेलं नव्हतं.

माल जात राहिला, उलट वाढला. पांढऱ्या पट्ट्या दुसऱ्या दिवशी गोळा करून कपाटात ठेवल्या, पुढचा साहेब येईल तेव्हासाठी. शाळेत सर पुस्तकात आहे तेवढंच शिकवायला लागले. मुख्याध्यापकांना बरं वाटलं, त्यांनी बैठकीत कौतुकही केलं. स्टाफरूममध्ये आल्यावर सर आता नमस्कार म्हणत. तो नमस्कार ऐकला की मला नको व्हायचं. ज्या प्रश्नाचा मला एवढा वैताग होता तो त्यांनी पुन्हा एकदा तरी विचारावा म्हणून मी एकदा मुद्दाम म्हटलं, काल रेडिओवर काय होतं? म्हणाले, सेल संपलेत.

सुकरी आणखी दोन पावसाळे कामावर गेली. शेवटी शेवटी तिला गोणी उचलवत नसे, तेव्हा बाकीच्या बायका तिच्या वाटच्या गोणी उचलायच्या आणि ठेकेदाराला कळू द्यायच्या नाहीत. मग एक दिवस त्याला कळलं. सरांनी तिला सरकारी दवाखान्यात नेलं, वलसाडला नेलं. डॉक्टरांनी विचारलं कुठं कामाला होती, तर कंपनी म्हणाली आमच्याकडे या नावाचं कुणी नव्हतं. आणि ते खरंच होतं, कागदावर ती नव्हतीच. ती गेली तेव्हा तिचं वय असेल वीस-एकवीस. सर पाड्यावर जाऊन आले, अंघोळ केली आणि शाळेत आले. त्यांचा तास होता.

तेरावं उलटलं आणि मधल्या सुट्टीत तिची धाकटी बहीण स्टाफरूमच्या दाराशी आली. बुधी तिचं नाव. सुकरीसारखीच बारीक, पण ही खाली बघत नव्हती. आम्ही दोघंच होतो आत. ती सरांना म्हणाली, “भैणीची जागा रिकामी हाय. मॅनेजर साहेबाची न् तुमची वळख हाय. तुमी बोललात तर मला घेतील.”

सरांनी तिला विचारलं की तुझ्या बहिणीला काय झालं ते तू बघितलंस ना. बघितलं, ती म्हणाली. दुसरी कुठली कंपनी नाही का? हायत, पण तिथं वळख नाय. आई काय करते? आईला आता दिसत नाय.

मला राहवलं नाही. मी सरांना म्हटलं, नाही म्हणा. त्याच कंपनीत मरेल ही पण, तुम्ही नाही म्हणा.

“म्हणतो,” सर म्हणाले. “आणि त्याच्या पुढचं वाक्य काय, बाई? ते सांगा, म्हणजे दोन्ही एकदम म्हणतो.”

सरांनी थोडा वेळ वाट बघितली, खरोखर वाट बघितली, मी काहीतरी सांगेन म्हणून. मग त्यांनी अर्ध्या दिवसाच्या रजेची चिठ्ठी लिहून माझ्याकडे दिली, छत्री काखेत मारली आणि बुधीला म्हणाले, “चल.” ती पुढं आणि ते मागं असे दोघं फाटकातून बाहेर पडले आणि राखोलीच्या रिक्षात बसले.

सोमवारपासून तिला घेतलं. सुकरीच्याच खात्यात.